पुसू नये

मित्रांनो, तुमच्यातल्या निम्म्याजणांनी तरी माझ्यावर कधी ना कधी आपल्या वैऱ्याचं नाव लिहून त्याखाली गाढव काढलेलं आहे. मी त्याचा राग धरला नाही. फळ्यानं राग धरला तर शाळा चालायची कशी? सिद्धेश्वरच्या धरणाखाली आमचं गाव आहे आणि गावच्या हायस्कुलात, दहावी अ च्या वर्गात, गेली सव्वीस वर्षं मी भिंतीवर टांगलेला आहे. एवढ्या वर्षांत माझ्यावर जे लिहिलं गेलं ते सगळं पुसलं गेलं. आज मात्र पुसून न जाणारी एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, आणि ती सांगायला माझ्याकडे फार दिवस उरलेले नाहीत.

माझा जन्म हट्टा गावचा. परभणीचे दोन तुकडे होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला, त्याच वर्षी नासेर मिस्त्रींनी मला घडवलं. सागवान मिळालं नाही म्हणून त्यांनी आंब्याच्या फळ्या जोडल्या आणि जाताना मुख्याध्यापकांना बजावलं, "सर, याला भिंतीला चिकटवू नका. मागं हवा खेळली पायजे, न्हाई तर वाळवी खाईल." म्हणून मला वर दोन आकड्यांना टांगलं आणि खाली एका लाकडी पट्टीवर टेकवलं. माझ्या पाठीमागे दोन बोटं जागा राहिली. ती जागा ध्यानात ठेवा.

माझ्यावर पहिल्यांदा काय लिहिलं गेलं, ठाऊक आहे? नव्या जिल्ह्याचा नकाशा! तेव्हाचे भूगोलाचे सर म्हणाले, "आता परभणी म्हणायचं न्हाई," आणि अख्खा वर्ग "हिंगोली, हिंगोली" म्हणून ओरडला. मला उगीचच वाटलं, की हा जिल्हा माझ्यामुळेच झाला. नव्या वस्तूला असा ताठा असायचाच. दर शनिवारी शाळा सुटताना दोन मुलं जुन्या सेलमधली काळी पूड आणि हिरव्या पाल्याचा रस कालवून मला घासायची. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे व्हायचे आणि सोमवारी मी नव्या नवरदेवासारखा चमकायचो. शनिवार सोडून मला कोणी काळं केलं नाही. एकदाच केलं, तेही पुढे येईल.

राधाकृष्ण सर आमच्याकडे आले ते समाजशास्त्राचे शिक्षक म्हणून. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल. माणूस मोठा जीव लावून शिकवायचा. मूलभूत हक्क शिकवताना त्यांचा आवाज असा चढायचा की बाहेर व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या निर्मलाबाईही हात थांबवून ऐकायच्या. मग इंग्रजीचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. एक वर्ष, दोन वर्षं, सात वर्षं. रिकामा तास कुणाच्या तरी गळ्यात मारायचाच होता, तो राधाकृष्ण सरांच्या गळ्यात पडला. त्यांनी कुरकुर केली नाही. समाजशास्त्राला लागूनच इंग्रजीचा तास ठेवला आणि माझ्या मधोमध खडूनं उभी रेघ ओढली. डावीकडे समाजशास्त्र, उजवीकडे इंग्रजी. डावीकडे त्यांचा हात सरसर चालायचा. उजवीकडे आला की खडू अडायचा. ते मार्गदर्शक पुस्तकातून एकेक वाक्य बघून उतरवायचे आणि मुलांकडे पाठ करून घाम पुसायचे. घाम मुलांना दिसत नसे. मला दिसायचा.

अशा वर्गात गेल्या वर्षी तारा आली. हरिचंद धरणावर जाळं टाकतो, त्याची ही मुलगी. आई भिकाबाई टोपलीत मासे घेऊन गावोगाव हिंडते, कळमनुरीचा बाजारही चुकवत नाही. तारा तिसऱ्या बाकावर आलिया नावाच्या मुलीशेजारी बसायची. आलियाचे वडील शिंपी. दोघींचा डबा एक, पेन एक, हसूही एकच.

जानेवारीत सरांनी इंग्रजीत पत्र लिहायला दिलं. आपल्या घरातलं माणूस काय काम करतं, ते दूरच्या मित्राला कळवायचं. सगळ्यांनी मार्गदर्शकातला डॉक्टर किंवा शेतकरी उतरवून आणला. तारानं तिचा बाप लिहून आणला. सरांनी वही वाचली, पुन्हा वाचली, आणि तिच्या हातात खडू दिला. "जा, फळ्यावर लिही. उजव्या बाजूला."

'माय फादर कॅचेस फिश,' अशी तिची सुरुवात होती. पुढे साधी साधी वाक्यं. धरणाचे दरवाजे उघडतात त्या दिवशी बाबा पाण्यात जात नाहीत, आम्ही मिरचीशी भाकरी खातो. बाबांचे हात कधी कोरडे नसतात, म्हणून माझ्या शाळेच्या कागदांवर त्यांचा अंगठा नेहमी पसरतो. मला इंग्रजी येत नाही, मित्रांनो, पण लिहिणाराचा हात मला कळतो. रेघ पडल्यापासून उजव्या बाजूला पहिल्यांदाच कोणीतरी न बघता लिहिलं होतं. सरांनी पत्राभोवती चौकट काढली आणि वर लिहिलं, 'पुसू नये'. पंधरा दिवस ते पत्र माझ्या अंगावर होतं. त्या दोन शनिवारी मला घासणाऱ्या मुलांनीही तेवढा भाग सोडला. वही सरांनी ठेवून घेतली. म्हणाले, "फुडल्या वर्षीच्या लेकरांनला दाखवीन. त्यांनलाबी कळू दे."

त्यांच्या मनात तेव्हा काहीही वाईट नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. पण मला हात कुठे आहे?

मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली. आमचीच शाळा केंद्र होती. ज्यांचा विषय त्यांनी त्या दिवशी वर्गात पाऊल टाकायचं नाही, असा नियम आहे. इंग्रजीच्या पेपराच्या सकाळी मुख्याध्यापक राधाकृष्ण सरांना माझ्या वर्गात घेऊन आले आणि दार लोटून म्हणाले, "निकाल खाली गेला तर तुकडी तुटती. तुकडी तुटली तर तुमची जागा जाती. मी काही सांगत न्हाई. तुमी शहाणे हायेत." अशी माणसं कधीच काही सांगत नाहीत. सांगून मोकळी मात्र होतात.

पेपर सुरू झाला. वर्गात पंचवीस मुलं होती. अर्ध्या तासानं राधाकृष्ण सर आत आले. पर्यवेक्षक दारात जाऊन बाहेर तोंड करून उभे राहिले. सरांच्या सदऱ्याखाली ताराची वही होती. पेपरात पत्र आलं होतं, घरातल्या माणसाच्या कामाविषयी. सरांनी वही उघडली आणि माझ्या उजव्या अंगावर लिहायला घेतलं. आता, जरा शहाणपण असतं तर बापाचा धंदा तरी बदलावा! कोळ्याच्या जागी सुतार करावा, शिंपी करावा. पण सरांचं इंग्रजी एवढंही हलण्यासारखं नव्हतं. एक शब्द बदलला तर बाकीचं वाक्य कोसळेल, अशी त्यांना भीती. त्यांनी काना-मात्रा न बदलता सगळं पत्र उतरवलं, पसरलेल्या अंगठ्यासकट. आणि मुलांनी ते तसंच्या तसं उचललं. आलियाचा बाप शिंपी, तो मासे धरू लागला. ग्रामसेवकाचा मुकुल, त्याच्या बापाची सही सगळ्या गावाच्या कागदांवर असते, त्याचाही अंगठा पसरला. एका सकाळी चोवीस बाप धरणात उतरले.

पंचविसावी तारा. तिनं सर यायच्या आधीच पत्र लिहायला घेतलं होतं. आपलंच, तोंडपाठ. तिनं मान वर करून पाहिलं आणि तिचा पेन थांबला. माझ्यावर तिचं पत्र होतं, पण अक्षर तिचं नव्हतं. ती सरांकडे बघत राहिली. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग तिनं खाली मान घातली आणि उरलेलं पत्र पुरं केलं. दुसरं काय करणार? तिचा बाप खरंच मासे धरतो.

तेवढ्यात फाटकाशी जीपचा आवाज आला. भरारी पथक! सरांनी बाहीनंच मला पुसलं. हातात वही. व्हरांड्यात पावलं वाजू लागली. आता वही घेऊन बाहेर जाता येईना, आणि लपवायला जागा दिसेना. त्यांनी ती माझ्या पाठीमागच्या दोन बोटं जागेत सरकवली. वही सर्रकन खाली गेली आणि पट्टीवर जाऊन अडकली. पथक आलं, बाकांखाली बघितलं, गेलं. माझ्यामागे कोणी बघितलं नाही.

परीक्षा संपेपर्यंत वर्गाला कुलूप होतं. उघडल्यावर सर एकटे आले. त्यांनी माझ्यामागे बोटं घातली, मग मनगट, मग एक काडी. वही हाती लागेना. मला खाली उतरवायला दोन माणसं लागतात, आणि दोन माणसं बोलावली की चार प्रश्न येतात. सरांनी काडी टाकून दिली आणि रुमालानं हात पुसत निघून गेले.

मे महिन्यात निकाल लागला आणि आमच्या पंचवीस मुलांचा राखून ठेवला. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईंनी एकाच वर्गात पंचवीस कोळी बघून वर कळवलं होतं. चौकशीला परीक्षा मंडळाचे साहेब येणार, असा निरोप आला. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मुख्याध्यापकांनी निर्मलाबाईंकडून मला काळं करून घेतलं. शनिवार नव्हता तरी! निर्मलाबाई घासताना पुटपुटल्या, "आज काहून काळं करायलेत याला? शाळेला तर सुट्टी हाय."

मग मुख्याध्यापकांनी पंचवीस मुलांना बोलावून पढवलं. "सांगायचं, हे पत्र सरांनी जानेवारीत पाठ करून घेतलं होतं. सरांचंच पत्र. फळ्यावर परीक्षेत काही लिहिलं न्हाई. सगळ्यांनी एक बोललं तर सगळे सुटतील."

"पण ते माझं हाये," तारा म्हणाली.

"तुझं काय अन् सरांचं काय," मुख्याध्यापक हसले. "शाळेचंच हाये ना?"

चौकशीच्या दिवशी साहेब माझ्यासमोरच टेबल टाकून बसले. एकेक मूल आत यायचं, 'पाठ केलं होतं' म्हणायचं आणि जायचं. पोपटही जरा थांबून बोलतो. आलिया आली तेव्हा साहेबांनी विचारलं, "फळ्यावर कोणी लिहिलं होतं का?" तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ पाहिलं की मला वाटलं, बोलतेय आता. मग म्हणाली, "न्हाई, सर." दाराशी तिचे वडील उभे होते, त्यांनी सुस्कारा टाकला.

तारा शेवटची. सोबत भिकाबाई आणि हरिचंद. टोपली व्हरांड्यात ठेवून भिकाबाई आत आली, तशी मुख्याध्यापकांनी नाकाला रुमाल लावला. ती लेकीला म्हणाली, "भिऊ नको. नासलेला मासा आपून ताजा म्हणून इकत न्हाई. जे हाये ते सांग."

तारानं सांगितलं. पत्र माझं. जानेवारीत लिहिलं. सरांनी परीक्षेत माझ्या वहीतून फळ्यावर लिहिलं.

"वही कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"सरांकडं."

साहेब राधाकृष्ण सरांकडे वळले. सर माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचा खांदा माझ्या कडेला लागत होता. मित्रांनो, माझा उभा जन्म त्या एका क्षणासाठी थांबला होता. त्या वहीत सतरा जानेवारीची तारीख होती. खाली सरांच्या हातची लाल शाई होती: 'उत्तम. फळ्यावर लिही.' त्याखाली सही. सरांनी एवढंच म्हणायचं होतं, की हा फळा खाली उतरवा. पाच शब्दसुद्धा नाहीत.

"माझ्याकडं वही न्हाई," सर म्हणाले.

आणि बघा, ते खोटंही बोलले नाहीत. वही त्यांच्याकडे नव्हती. माझ्याकडे होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी समोरचे कागद नीट वाचले. मग म्हणाले, "मुली, पत्र तुझं आहे हे मला पटतं. वडील मासे धरणारी तू एकटीच आहेस. पण चोवीस मुलं म्हणतात, फळ्यावर काही नव्हतं. शिक्षक म्हणतात, वही नाही. पाठ केलं असतं तर एकाची तरी चूक वेगळी झाली असती. मग तुझं पत्र या चोवीस जणांकडे गेलं कसं? दिलं असेल तर तूच दिलं असशील."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. खरं बोलली म्हणून पत्र तिचं ठरलं, आणि पत्र तिचं ठरलं म्हणून गुन्हाही तिचाच ठरला. चोवीस जणांचा इंग्रजीचा पेपर रद्द झाला, त्यांनी जुलैत पुन्हा द्यायचा. ताराला जुलैचीही बंदी आणि पुढच्या मार्चचीही. कॉपी पुरवली म्हणून.

"साहेब, माह्या लेकरानं कोणाला काय पुरवलं?" भिकाबाई विचारत राहिली. "ती तर घरी बोलतबी न्हाई जास्त." साहेबांनी कागद हरिचंदपुढे सरकवला. त्यानं शाईत अंगठा बुडवला, आणि उठवण्याआधी धोतराला दोनदा पुसून बघितला. तरी तो पसरलाच. ताराकडे माझ्यानं बघवेना.

जूनमध्ये शाळा भरली. सरांनी पुन्हा माझ्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, 'माहितीचा अधिकार'. पूर्वी या धड्याला त्यांचा आवाज चढायचा. आता ते पुस्तकात बघून वाचतात. उजवीकडे मात्र पत्रलेखन आलं की म्हणतात, "मार्गदर्शकात बघून घ्या."

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत तारा आली. पाठीला दप्तर नव्हतं, डोक्यावर आईची टोपली होती. ती दाराबाहेरच थांबली. आलिया जुलैच्या पेपराचं विचारायला शाळेत आली होती. ती समोरून आली, थबकली आणि दुसऱ्या वाटेनं गेली. तारानं तिला हाक मारली नाही.

"सर," ती म्हणाली, "माझी वही द्या ना."

सर माझ्याकडे पाठ करून, अगदी मला टेकून उभे होते. त्यांच्या पाठीमागे मी, आणि माझ्या पाठीमागे वही.

"काय करती आता तिचं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई. कोणाला दाखवत न्हाई मी. माझी हाये म्हणून पायजे."

सरांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता तरी. मग ते म्हणाले, "हरवली, बाई." तारानं मान हलवली, टोपली सारखी केली आणि गेली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत तिची हाक ऐकू आली नाही. फाटकाबाहेर गेल्यावर आली: "मासे घ्या मासे!" सर माझ्यावर डोकं टेकून उभे राहिले. त्यांच्या कपाळाला माझी काळी पूड लागली. तास सुरू झाला तेव्हा मुलं हसली. सरांनी ती पुसली नाही.

मित्रांनो, सरांना नुसतं वाईट म्हणून मला सुटता येत नाही. ते मोडले आहेत हे मला रोज दिसतं. पण माणूस मोडला म्हणून ताराचं वर्ष परत येत नाही. आणि मी तरी काय केलं? सव्वीस वर्षं हक्काचे धडे अंगावर बाळगले आणि वेळ आली तेव्हा भिंतीला चिकटून राहिलो.

नासेर मिस्त्रींचं खरं ठरलं. परवा निर्मलाबाईंनी माझ्या खालच्या कोपऱ्यात मातीची बारीक रेघ पाहिली. वाळवी! मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या. दिवाळीनंतर भिंतीवर पडदा येऊन राहिला, संगणकावर चालणारा. मग हे उतरवून खिचडीच्या चुलीला लावा." चुलीचं मला दुःख नाही. आंब्याचं लाकूड चांगलं जळतं, आणि शेवटी पोरांच्याच पोटाला लागेन. पण रेघ रोज बोटभर वर चढते आहे. पट्टी खाऊन झाली की तिला पहिल्यांदा कागदच लागेल.

तेव्हा एवढं करा. पुढच्या शनिवारी मला घासायची ज्यांची पाळी असेल, त्यांनी एकट्यानं नाही तर दोघांनी यावं. एकानं डावा आकडा धरावा, एकानं उजवा. मी जड आहे, सांभाळून. मला खाली ठेवा आणि आधी भिंतीकडे बघा. निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. धूळ झटकायला ओलं फडकं घेऊ नका, शाई पसरेल. पहिल्या पानावर नाव आहे: तारा हरिचंद, दहावी अ. ती सकाळी कळमनुरीच्या रस्त्यानं जाते, डोक्यावर टोपली असते. तिची वही तिला द्या.